उभ्या गाडीचे दुखणे

१९४५ सालच्या जून महिन्याची पहिली तारीख. युरोपातील युद्ध थांबून जेमतेम साडेतीन आठवडे लोटले होते. त्या दिवसापासून ब्रिटनमधील खासगी वाहनधारकांना पेट्रोलचा मूळ शिधा पुन्हा मिळू लागला, आणि परसातल्या लाकडी खोपट्यांची दारे तीन वर्षांनंतर उघडली. आत ताडपत्रीखाली मोटारसायकल उभी होती. मालकाने १९४२ च्या उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने ती तेथे नेऊन ठेवली तेव्हा ती उत्तम चालत होती. मधल्या काळात तिला कोणी हात लावला नव्हता, ती कोठे आपटली नव्हती, एका मैलाचीही झीज तिला झालेली नव्हती. टाकीत नवे पेट्रोल घालून मालकाने किक मारली. एकदा मारली, दहादा मारली. परंतु जिच्या आवाजावरून आपल्याकडे तिला फटफटी हे नाव पडले, तो आवाज काही तिच्यातून निघेना.

असे का व्हावे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. चालणारे यंत्र झिजते हे कोणासही पटते. उभे राहिलेले यंत्र बिघडते हे मात्र मनाला चटकन पटत नाही. वास्तविक पेटीत जपून ठेवलेली पैठणी घडीवरच विरते, हे घरोघरच्या स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोटारसायकलीचेही तसेच आहे. इतकेच की, तिच्या घड्या पुष्कळ आहेत आणि त्या एकाच वेळी पडलेल्या नाहीत. हे वाहन जन्मास आल्यापासून ते चालू करणे सोपे व्हावे म्हणून जे जे शोध लागले, त्यांतील बहुतेकांनी चालविणाऱ्याचे कष्ट कमी केले खरे. पण त्याबरोबरच उभे राहण्याचे एकेक नवे दुखणेही त्या गाडीला लावून दिले. कोणते दुखणे कोणत्या शोधाबरोबर आले हे समजले, म्हणजे बंद गाडी तपासावयाची कोठून हेही बरेचसे उलगडते.

आधी ह्या गाड्या उभ्या का राहिल्या ते पाहू. ब्रिटनमध्ये पेट्रोलवर नियंत्रण आले ते युद्ध सुरू होताच, १९३९ च्या सप्टेंबरात. निरनिराळ्या कंपन्यांची नावे पंपांवरून उतरली आणि सर्वत्र ‘पूल’ नावाचे एकाच प्रतीचे पेट्रोल विकले जाऊ लागले. ती प्रत बेताचीच होती. तरीही प्रत्येक वाहनामागे थोडा मूळ शिधा मिळे आणि तो कोठे खर्चावा हे मालकाच्या मर्जीवर असे. पुढे अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजे बुडवू लागल्या. प्रत्येक पिंपामागे खलाशांचे प्राण पणाला लागू लागले, तेव्हा १९४२ च्या जुलैपासून हा मूळ शिधाही बंद करण्यात आला. डॉक्टर, शेतकरी, युद्धकार्यातील कामगार अशा गरजवंतांपुरते पेट्रोल राहिले. बाकीच्यांनी गाड्यांवर ताडपत्री ओढली. त्याच सुमारास हिंदुस्थानातही पेट्रोलचे नियंत्रण चालू होते आणि कोळशाच्या वायूवर धावणाऱ्या बसगाड्या लोकांच्या परिचयाच्या झाल्या होत्या.

ह्या कथेत एक गमतीचा धागा आहे. १९४० साली जर्मन सैनिक छत्र्यांनी उतरतील अशी भीती ब्रिटनमध्ये पसरली, तेव्हा उभे करून ठेवलेले वाहन शत्रूला चालविता येऊ नये म्हणून ते निकामी करून ठेवावे, असा सरकारी हुकूम निघाला. त्यामुळे विजेच्या जोडणीचा एखादा लहानसा भाग काढून खिशात टाकण्याची सवय लोकांना लागली. तीन वर्षांनी तो भाग कोणत्या खणात ठेवला हे आठवणे सर्वांनाच सोपे गेले असेल असे नाही. बंद गाडी पाहताना पहिली चौकशी अजूनही ह्याच जातीची असते: उभी करताना तिच्यातून काय काढले होते, आणि ते परत बसविले आहे काय?

इंजिन चालू होण्यास तीन गोष्टी लागतात. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळून सिलिंडरमध्ये यावी लागते. ते मिश्रण पिस्टनाने दाबले जावे लागते. आणि दाबलेल्या मिश्रणात नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. ह्यांपैकी काय कमी पडते आहे हे ठरविण्यासाठी जुने फिटर प्लगलाच साक्षीला बोलावीत. दहा-बारा किका मारून झाल्यावर प्लग काढावयाचा. तो कोरडा निघाला, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचलेले नाही. ओला निघाला, तर पेट्रोल येते आहे, परंतु ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोलच्या अतिरेकाने ती विझते आहे. ह्या एका खुणेने निम्मा शोध संपतो. जो मनुष्य प्लग न काढता किक मारीत बसतो, तो मुळात कोरड्या असलेल्या गाडीला ओली करून टाकतो आणि मग खरे कारण कोणते हे त्याचे त्यालाही कळेनासे होते.

प्रथम कोरड्या प्लगची गोष्ट. पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नव्हे. सुमारे पस्तीस अंशांवर उकळणाऱ्या हलक्या द्रवांपासून दोनशे अंशांपर्यंत उकळणाऱ्या जड द्रवांपर्यंत शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण असते. थंड इंजिन पेट घेते ते ह्यांतील हलक्या भागाच्या वाफेवर. गाडी उभी राहिली की टाकीच्या झाकणातील हवेच्या छिद्रातून आणि कार्ब्युरेटरच्या फटींतून नेमका हाच हलका भाग आधी उडून जातो. मागे उरते ते दिसावयास पेट्रोलच, पण थंडीत पेट न घेणारे. म्हणून टाकीत पेट्रोल आहे एवढ्यावर समाधान मानू नये. त्याला वास कसा येतो हे पाहावे. ताज्या पेट्रोलचा झणझणीत वास जाऊन रोगणासारखा आंबूस वास येऊ लागला, की ते पेट्रोल इंजिनाच्या उपयोगाचे राहिले नाही असे खुशाल समजावे.

रोगणाची ही उपमा केवळ वासापुरती नाही. मोटारीच्या आरंभकाळी पेट्रोल खनिज तेलातून नुसते ऊर्ध्वपातनाने काढीत. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ ह्या बाईंनी आपल्या पतीची तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला नेली, तेव्हा हे इंधन त्यांना वाटेत औषधांच्या दुकानातून विकत घ्यावे लागले. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि विजेच्या उघड्या पडलेल्या तारेवर मोज्याचा बंद गुंडाळला. रस्त्यात बिघडलेल्या मोटारीची दुरुस्ती ज्यांनी केली अशा पहिल्या व्यक्तींत ह्या बाईंची गणना करावी लागेल. पुढे मोटारी वाढल्या आणि नुसत्या ऊर्ध्वपातनाचे पेट्रोल पुरेनासे झाले. १९१३ साली अमेरिकेत विल्यम बर्टन ह्या रसायनज्ञाने जड तेल उष्णतेने व दाबाखाली फोडून त्यातून अधिक पेट्रोल मिळविण्याची रीत कारखान्यात आणली. पेट्रोल मुबलक झाले; पण अशा फोडलेल्या पेट्रोलातील काही द्रव्ये हवेतील प्राणवायूशी संयोग पावून चिकट होतात आणि तळाशी डिंकासारखा थर धरतात. १९३० नंतरच्या काळात हा डिंक रोखणारी द्रव्ये पेट्रोलात मिसळू लागले. त्यांनी हा परिणाम लांबतो. कायमचा टळत नाही.

ह्या डिंकाचा सर्वांत मोठा फटका बसतो तो कार्ब्युरेटरला. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाखने फवाऱ्याचा कार्ब्युरेटर काढला, त्यापूर्वी पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा ओढून वाफ घेण्याची ओबडधोबड युक्ती चालत असे. त्या भांड्यात तुंबण्यासारखे फारसे काही नव्हते. मायबाखच्या रचनेत एक लहान भांडे, त्यातील पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट, आणि सुईच्या नेढ्याएवढे बारीक छिद्र असलेले जेट आले. इंजिनाला हवे तेवढेच पेट्रोल नेमके मिळू लागले, आणि त्याच नेमकेपणात हे दुखणे दडलेले होते. भांड्यातील थोडेसे पेट्रोल आटते, त्याचा डिंक जेटच्या तोंडाशी वाळतो, आणि केसाएवढा अडथळा इंजिनाला उपाशी ठेवण्यास पुरतो. ब्रिटिश मोटारसायकलींवर सर्रास दिसणारे आमाल कार्ब्युरेटर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असत. पेट्रोलबरोबर आलेले पाण्याचे थेंब तळाशी बसले की आत पांढरी भुकटी धरे आणि तीही छिद्रांत जाऊन बसे.

तेव्हा कोरड्या प्लगच्या गाडीत तपास टाकीपासून खाली उतरत जावयाचा असतो. झाकणाचे हवेचे छिद्र मोकळे आहे का? कॉक उघडल्यावर नळीतून पेट्रोल सरळ धारेने पडते की थेंबथेंब? भांड्याच्या माथ्यावरील बटण दाबून फ्लोट खाली ढकलला असता पेट्रोल वरून पाझरते का? पाझरले नाही, तर फ्लोटची सुई चिकटली आहे. पाझरूनही प्लग कोरडाच असेल, तर जेट काढून उजेडासमोर धरावे. त्यात तार घालण्याचा मोह होतो तो टाळावा. तारेने छिद्र मोठे होते आणि पुढे गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. फुंकर, ताजे पेट्रोल आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागते.

ओल्या प्लगची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. कारण ठिणगीचा इतिहासच अधिक वळणांचा आहे. १८८५ साली गॉटलीप डाइम्लर व मायबाख ह्यांनी जर्मनीत कान्श्टाट येथे जी लाकडी दुचाकी बनविली, तिच्यात ठिणगी मुळी नव्हतीच. सिलिंडरमध्ये शिरलेली एक नळी बाहेरून ज्योतीने लाल तापवीत आणि त्या उष्णतेने मिश्रण पेट घेई. ही ज्योत बैठकीच्या खालीच असे, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डाइम्लरचा मुलगा गाडीवर बसून निघाला असता बैठकीने पेट घेतल्याची हकीकत सांगतात. १८९४ मध्ये म्युनिक येथे हिल्डेब्रांट आणि वोल्फम्यूलर ह्यांनी विक्रीसाठी मोटारसायकली तयार करण्यास प्रारंभ केला, तेव्हाही तापलेली नळीच होती. ती चालू करावयाची म्हणजे दिवा पेटवून नळी तापेपर्यंत थांबावयाचे, गाडी ढकलीत धावावयाचे आणि इंजिनाने पेट घेताच उडी मारून वर बसावयाचे. कटकट मोठी होती. परंतु अशा गाडीच्या प्रज्वलनात वर्षभर उभे राहून नासेल असे काही नव्हते, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

नळीच्या जागी फ्रान्सच्या द दिओं कंपनीने बॅटरी आणि कॉइल आणली. ठिणगी हुकमी झाली. पण बॅटरी चालता चालता संपे, आणि उभी राहिली तरीही संपे. ह्यातून सुटका केली ती मॅग्नेटोने. श्टुटगार्टच्या रोबर्ट बॉशच्या कारखान्याने १८९७ मध्ये द दिओंच्याच एका तीनचाकी गाडीला मॅग्नेटो जोडून दाखविला. पुढे १९०२ मध्ये त्याच कारखान्यातील गॉटलोप होनोल्ड ह्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला. चुंबकाच्या क्षेत्रात फिरणारे तारेचे वेटोळे स्वतःच वीज निर्माण करते. साठविण्याचा प्रश्नच उरत नाही. बॅटरीचे ओझे उतरले, आणि पुढील तीस-चाळीस वर्षे उत्तम मोटारसायकलीची खूण म्हणजे तिचा मॅग्नेटो, असेच रसिक मानीत राहिले.

ह्या मॅग्नेटोच्या पोटात हिंदुस्थानचा माल असे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. केसासारख्या तांब्याच्या तारेची हजारो वेढ्यांची ती गुंडाळी एकमेकीपासून विलग राखण्यासाठी चपड्याचे रोगण वापरीत. चपडा हा लाखेपासून होतो. लाखेचे किडे पळस, कुसुम व बोर ह्या झाडांवर पोसले जातात, आणि त्या काळी जगाला चपडा पुरविणारा मुख्य देश हिंदुस्थान होता. तसेच उंची प्लगांतील विद्युत्‌रोधक म्हणून अभ्रकाचे पापुद्रे घालीत, त्यासाठीही बिहारातील, म्हणजे आजच्या झारखंडातील, कोडरमा-हजारीबागकडच्या अभ्रकाला मोठी मागणी असे. छोटा नागपूरच्या जंगलातील लाख आणि तिथल्याच खाणीतील अभ्रक ही दोन्ही बर्मिंगहॅमच्या एका फटफटीत अशी शेजारी शेजारी येऊन बसत.

चपडा उत्तम रोधक खरा, पण दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिला की ओल धरतो आणि उष्णतेने पुन्हा मऊ होतो. खोपट्यात तीन हिवाळे काढलेल्या मॅग्नेटोत ही ओल मुरे आणि वीज प्लगपर्यंत जाण्याऐवजी आतल्या आत गळून जाई. कधी मऊ झालेला चपडा ओघळून फिरणारा भाग कडेला चिकटवूनही टाकी. शिवाय मॅग्नेटोचा एक जन्मजात दोष असा, की तो जितका वेगाने फिरेल तितकी त्याची ठिणगी जोरकस. म्हणजे किक मारण्याच्या क्षणी, जेव्हा ठिणगीची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच ती सर्वांत दुबळी असते. निरोगी गाडीत हे खपून जाते. ओल धरलेल्या गाडीत ते खपत नाही.

त्याहून साधे कारण पुष्कळदा जवळच सापडे. वीज तोडणारे जे दोन छोटे धातूचे ठिपके असतात, ज्यांना आपले मिस्त्री पॉइंट म्हणतात, त्यांवर उभ्या गाडीत एक न दिसणारा पापुद्रा चढतो आणि विजेचा मार्ग अडवितो. बारीक पॉलिश कागदाचा तुकडा त्यांमधून दोनदा ओढून नंतर स्वच्छ कोरडा कागद ओढला, की मेलेली वाटणारी गाडी जिवंत होते. ठिणगी पाहण्याची रीत अशी की, प्लग काढून तारेला जोडावा, त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या पंखांवर टेकवावा आणि किक मारून टोकाशी निळी, कडकडणारी ठिणगी दिसते का ते पाहावे. पिवळसर आणि मिणमिणती दिसली तर ती दाबाखाली विझणार. मात्र हे करताना प्लगच्या उघड्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून दूर राहावे. ठिणगीच्या शोधात टाकीची वाफ पेटवून घेणे अगदी सोपे आहे.

दाबाविषयी थोडक्यात सांगता येते. गाडी उभी करताना ज्या अवस्थेत पिस्टन राहतो त्यात बहुधा एखादी झडप उघडी असते, आणि सायलेन्सरमधून आलेली दमट हवा तिच्या बैठकीवर गंज चढविते. पिस्टनाच्या कड्या वाळलेल्या तेलात रुतून बसतात. किक पायाखाली रोधच न करता पोकळ उतरली, तर दाब निसटतो आहे असे समजावे. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिनाचे तेल घालून किक हाताने, सावकाश, पाच-सात वेळा फिरविली म्हणजे कड्या सुटण्याचा संभव असतो. उलट किक जागची हलेचना, तर पायाचा जोर मुळीच लावू नये. रुतलेल्या कडीचा तुकडा मोडून सिलिंडरवर ओरखडा पडला, की शिधा मिळूनही गाडी घरीच राहते. ब्रिटिश गाड्यांत इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत असे, ते दीर्घ काळात पंपाच्या फटींतून झिरपून इंजिनाच्या तळाशी साचे आणि किक विनाकारण जड लागे. क्लचच्या पट्ट्याही चिकटतात. क्लच ओढून दोन-चार किका मारल्याने त्या सुटतात, आणि गिअर टाकताच गाडी पुढे झेपावण्याचा प्रसंग टळतो.

किकचा शोधही काही फार जुना नाही. १९०८ च्या सुमारास यॉर्कशायरच्या आल्फ्रेड स्कॉटने आपल्या मोटारसायकलीला ती बसविली, तोपर्यंत पेडल मारून किंवा गाडी ढकलूनच इंजिन चालू करीत. त्यापुढची पायरी म्हणजे बटण दाबताच चालू होणारी गाडी. अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या इंडियन कंपनीने १९१४ सालीच तशी एक मोटारसायकल बाजारात आणली. परंतु तिच्या बॅटऱ्या विजेचा हा भार पेलू शकल्या नाहीत आणि तो प्रयोग लवकरच गुंडाळावा लागला. पन्नास वर्षांनी, १९६५ मध्ये, हार्ले-डेव्हिडसनने बटणावर चालू होणारी मोठी गाडी काढली आणि त्या सोयीचे नावच तिला दिले: इलेक्ट्रा ग्लाइड. जपानी गाड्यांनी ही सोय जगभर स्वस्त केली. म्हणजे १९०२ साली मॅग्नेटोने जिला घराबाहेर काढले होते, ती बॅटरी मागील दाराने पुन्हा आत आली.

ह्या बॅटरीचे मूळ १८५९ सालचे, गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाचे. शिसे आणि गंधकाम्ल ह्यांची ती जोडी काही न करता नुसती बसली तरी हळूहळू रिकामी होते, उन्हाळ्यात अधिकच लवकर. रिकाम्या अवस्थेत तिच्या पत्र्यांवर शिशाच्या गंधकक्षाराचे कण जमतात. ते आधी मऊ असतात, काही आठवड्यांनी कडक होतात, आणि मग कितीही वीज भरली तरी ते विरघळत नाहीत. बारा व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी मीटरवर साधारण १२.६ दाखविते. बाराच्या खाली उतरलेली बॅटरी दिवा लावील, भोंगाही कण्हल्यासारखा वाजवील. पण इंजिन फिरविणार नाही.

महाराष्ट्रात ह्या साऱ्या इतिहासाला एक घरगुती वळण मिळाले. १९७२ पासून पुण्याजवळ आकुर्डीस तयार होणारी बजाज कंपनीची चेतक स्कूटर मिळविण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. ती फ्लायव्हील मॅग्नेटोवर चाले, बॅटरीवाचून तिचे अडत नसे. सुट्टीत गावी जाऊन आल्यावर ती चालू झाली नाही, तर घरचा कर्ता पुरुष तिला एका कुशीवर बेतशीर कलती करी, क्षणभर तशीच धरी आणि उभी करून किक मारी. शेजाऱ्यांना तो तोडगा वाटे. वास्तविक तिचा कार्ब्युरेटर पत्र्याच्या आत झाकलेला असे. ब्रिटिश गाडीप्रमाणे बटण दाबून पेट्रोल पाझरविणे तेथे सोयीचे नव्हते. कलती केल्याने भांड्यातील पेट्रोल इंजिनाच्या वाटेकडे सांडे आणि तेच कार्य साधे. तोडग्यामागे शास्त्र होते, फक्त ते कोणी समजावून सांगत नसे.

दरम्यान टाकीतील पेट्रोलही पालटले. उसाच्या मळीपासून होणारा मद्यार्क पेट्रोलात मिसळण्याचे प्रयोग २००१ साली देशात ज्या तीन ठिकाणी झाले, त्यांतील मिरज व मनमाड ही दोन महाराष्ट्रात होती. २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. मद्यार्क आणि पाणी ह्यांचे सख्य पुरातन आहे. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा शिरते, मद्यार्क तिच्यातील पाणी शोषून घेतो, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. कॉक उघडताच कार्ब्युरेटरात प्रथम जाते ते हे तळचे पाणी. वरच्या पेट्रोलचा वास घेऊन हे कळत नाही. काचेच्या बाटलीत थोडे काढून दोन थर दिसतात का ते पाहावे लागते.

आणि मग २०२० साल उजाडले. २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी लागली. त्याच टाळेबंदीत, १ एप्रिल २०२० पासून, नव्या गाड्यांसाठी धुराचे कडक नियम अमलात आले आणि त्यांच्यापायी बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर हद्दपार होऊन पेट्रोल पंपाने फवारणारी विजेची यंत्रणा आली. मुंबईतील लोकल गाड्या मार्चच्या अखेरच्या आठवड्यात सामान्य प्रवाशांना बंद झाल्या, आणि १५ जूनला सुरू झाल्या त्याही केवळ अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी. ज्याला कामावर जाणे भाग होते आणि लोकलमध्ये शिरण्याची मुभा नव्हती, त्याची नजर इमारतीखाली धूळ खात पडलेल्या दुचाकीकडे वळली. रोजगार त्या एका बटणावर येऊन ठेपला होता, आणि बटण दाबले असता आतून नुसती टकटक ऐकू येई.

नव्या गाडीत किल्ली फिरविताच टाकीतून पंपाचा क्षणभर गुणगुणाट ऐकू यावयास हवा. तो आला नाही, तर प्लग, जेट, पॉइंट ह्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, बॅटरीकडेच जावे. जुन्या गाडीला उतारावरून धक्का मारला की ती चालू होई; पूर्ण मेलेल्या बॅटरीच्या नव्या गाडीत धक्क्याने पंप फिरत नाही, म्हणून घामच तेवढा गळतो. त्या पावसाळ्यात इमारतींतून फिरणाऱ्या मिस्त्र्याला आधी मीटर काढावा लागे, पॉलिश कागद त्यानंतर. बाजूलाच एखादी जुनी, कार्ब्युरेटरची गाडी उभी असली, तर तिच्यासाठी मात्र क्रम तोच होता जो १९४५ साली ब्रिटनमधल्या खोपट्यात होता: जुने पेट्रोल ओतून टाकावे, भांड्याच्या तळाचा स्क्रू सैल करून गाळ सोडून द्यावा, सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालावे, किक हाताने सावकाश फिरवावी, आणि मग प्लग काढून तो ओला आहे की कोरडा हे पाहावे.